चैत्रातला माळ, चार बोटांचा सरडा आणि मामांची अट



एप्रिलमध्ये केलेल्या सहलीचा भाग जूनच्या मध्यात येतोय, त्याबद्दल आधी माफी. सगळं रेकॉर्ड करून ठेवलं होतं, पण शेवटचा एक तुकडा मिळत नव्हता. तो गेल्या आठवड्यात मिळाला. कसा, ते शेवटी ऐकालच.

पाडवा झाल्यावर परभणीला जाऊन सरडे, साप, बेडूक हुडकणार आणि फोटो काढणार, असं मी जाहीर केलं तेव्हा आलेल्या निरोपांपैकी निम्म्यांत एकच प्रश्न होता. "एप्रिलमध्ये? परभणीत? डोकं ठिकाणावर आहे ना?" प्रश्न रास्त आहे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आमच्या गावाला लोकांनी उगाच चिकटवलेली नाही. एप्रिलच्या मध्यावर दुपारी पारा ४० च्या पुढे असतो आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पुस्तकातला वसंत म्हणजे कोकिळा आणि आंब्याचा मोहोर. आमचा वसंत म्हणजे डोक्याला उपरणं आणि खिशात कांदा.

पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाजूने बघितलं तर हा महिना सोन्यासारखा आहे. बेडकांचं मात्र अगदी उलटं. दोघांचं असं का, ते आज सांगणार आहे. आणि माझ्या हातून झालेली एक चूक आहे, तीही सांगायची आहे, कारण तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनशी तिचा थेट संबंध आहे.

आता जागा. परभणी जिल्हा म्हटलं की डोळ्यांसमोर गोदावरीकाठची काळी जमीन येते, कापूस येतो, सोयाबीन येतं. पण उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेची शेपटी येऊन टेकते आणि दक्षिणेला गंगाखेडच्या बाजूला बालाघाट. तिथं मातीचा थर पातळ. वर मुरूम, खाली काळा दगड, मध्येच बोरी-बाभळी, पळस आणि कुसळाचं गवत. माझ्या मामांचं शेत जिंतूर तालुक्यात अशाच एका माळाला लागून आहे. गावाचं नाव सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

पोचलो त्या रात्री जेवणं झाली, आणि मी कॅमेरा वगैरे काढायला लागलो तर मामा म्हणाले, "फोटो काढ. कितीबी काढ. पण ते लोकेशन का काय असतंय, ते आधी बंद कर. माझ्यासमोर कर." मी सेटिंग बंद केलं. त्यांनी चष्मा लावून फोन हातात घेतला, बघितलं, परत दिला. मग म्हणाले, "झोप आता. पहाटं उठवतो." बस, एवढीच अट.

पहाटे उठवलं खरं, पण माळावर जायची घाई करू दिली नाही. "आत्ता जाऊन काय करणारैस? ते अजून उठले नसतील." आणि हे अगदी बरोबर होतं.

शाळेत आपण शिकलो की सरडा ‘थंड रक्ताचा’. हा शब्द फसवा आहे. सकाळी दहा वाजता उन्हात बसलेल्या सरड्याचं रक्त तुमच्या-माझ्याइतकंच, कधी थोडं जास्तच गरम असतं. फरक एवढाच, की आपण जेवण जाळून आतून ऊब तयार करतो आणि तो ती बाहेरून घेतो. उन्हातून, तापलेल्या दगडातून. आपल्याला रोज पोटभर लागतं ते बरंचसं शरीर गरम ठेवण्यासाठी. त्याचा तो खर्चच नाही, म्हणून तो मोजक्या किड्यांवर भागवतो. पण त्याच्या बदल्यात त्याचा सगळा दिवस उन्हाच्या तालावर चालतो. पहाटे अंग गार, पाय चालत नाहीत. ऊन आलं की अंग चपटं करून सूर्याकडे पाठ करतो, जणू सोलर पॅनल. अंग हव्या तेवढं तापलं की कामाला लागतो: शिकार, भांडण, लग्न. आणि जमीन पायाला पोळायला लागली की सावलीत, बिळात, नाहीतर झुडपावर. संध्याकाळी उन्हाचा जोर उतरला की पुन्हा एक छोटी फेरी.

म्हणजे आपल्याला मिळतो तो सकाळचा दोन-अडीच तासांचा तुकडा. आम्ही साडेसातला माळावर पोचलो. साडेआठपर्यंत मला काहीही दिसलं नाही. एक टिटवी ओरडून गेली, तेवढीच. मी मामांना म्हणालो, "मामा, यंदा नाहीत वाटतं." ते तंबाखू मळत म्हणाले, "तू हलायलास. तू बस."

बसलो. दहा मिनिटांत समोरच्या दगडावर एक काडी होती ती सरडा झाली.

हा पंखा-गळ्याचा सरडा. वीतभरही नाही, त्यातही निम्मी शेपूट. रंग मुरमासारखा, पाठीवर तपकिरी चौकटी. हलला नाही तर दिसत नाही. एरवी वर्षभर तो असाच लपून राहतो, पण पावसाळ्याच्या आधीचे हे दोन-तीन महिने त्याच्या लग्नाचा हंगाम. तेव्हा नर आपल्या हद्दीतला उंच दगड धरतो, पुढच्या पायांवर उभा राहतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. उघड-मीट, उघड-मीट. मादीला बोलावणं आणि शेजारच्या नराला दम, दोन्ही त्याच एका हालचालीत. लपून राहण्यात ज्याचा जीव वाचतो, तोच प्राणी या दिवसांत मुद्दाम उंचावर उभा राहून स्वतःला दाखवतो. ससाण्यालाही दिसतो, आपल्यालाही दिसतो. म्हणून एप्रिल.

इथे माझी थोडी निराशा झाली, ती लपवत नाही. इन्स्टावर तुम्ही जे फोटो बघता ना, निळा, काळा, केशरी असा झगझगीत पंखा, ते बहुतेक साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचे असतात. मला तसाच हवा होता. आमच्या माळावरच्या भावाचा पंखा पांढुरका, मधून एक निळसर रेघ. म्हणजे लग्नाला साधा शर्ट घालून आलेला नवरदेव.

पण मग वाचत गेलो तेव्हा यातली गंमत कळली. पंखा-गळ्याच्या सरड्यांचा ‘सिताना’ हा वंश १८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए याने पाँडिचेरीकडच्या सरड्यावरून नोंदवला. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं देशातले असले सगळे सरडे त्याच एका पिशवीत टाकले जात होते. २०१६ मध्ये भारतीय संशोधकांनी डीएनए, हाडं आणि पंखे तपासून दाखवलं की मोठ्या रंगीत पंख्यांचे दख्खनचे सरडे हा वेगळाच वंश आहे. आणि त्या नव्या वंशाला नाव काय दिलं माहितीये? ‘सरडा’! आपला मराठी शब्द, जसाच्या तसा. चाळकेवाडीचा तो झगझगीत गडी म्हणजे ‘सरडा सुपर्बा’. जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला आता त्याचं नाव घ्यायचं तर मराठी शब्द उच्चारावा लागतो. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आधी काय म्हणत होते?"

ओळखायची एक खूण सांगतो. दोन्ही वंशांतल्या सरड्यांना मागच्या पायाला चारच बोटं असतात. कुंपणावरच्या नेहमीच्या सरड्याला पाच. फोटो झूम करून मोजा. आणि घाई असली की हे मागच्या दोन पायांवर उभे राहून पळतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा हसू आवरणार नाही.

चाळकेवाडीचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. तिथं पवनचक्क्या आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तिथं अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झालेले, आणि त्यामुळे सरडे पुष्कळ वाढलेले. त्यांच्या रक्तात ताणाची रसायनं कमी, माणूस जवळ आला तरी लवकर पळत नाहीत. म्हणजे पवनचक्कीचं पातं वर फिरतं आणि खाली सरड्याचा स्वभाव बदलतो. ज्याला आपण सरसकट ‘पडीक’ म्हणून हिशेबात धरत नाही, त्या माळावर इतकं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

फोटोचं तंत्र विचाराल तर माझ्याकडे फार मोठं काही नाही. दगड त्याचा ठरलेला असतो. तो पळाला तरी परत तिथेच येतो. म्हणून त्याच्या मागे धावू नका, त्याच्या दगडापासून पंधरा-वीस फुटांवर जाऊन बसा आणि वाट बघा. सूर्य आपल्या पाठीशी, पण आपली सावली त्याच्यावर पडता कामा नये. सावली म्हणजे त्याच्या लेखी ससाणा. पोटावर झोपून फोन जमिनीलगत धरा. उभं राहून वरून काढलेला सरडा पालीसारखा दिसतो, त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून काढलेला वाघासारखा. स्क्रीनवर सरड्यावर बोट ठेवून फोकस धरा आणि उजेड थोडा खाली ओढा, नाहीतर पांढुरका पंखा उन्हात धुऊन निघतो. पंखा उघडतो तो क्षणभरच, त्यामुळे सलग फोटो काढत राहा. मी त्या सकाळी दोनशेच्या वर काढले. ठेवण्यासारखे चार.

आणि हो, त्या उन्हात फोनही सरड्यासारखाच वागतो. तापला की बंद. सुती रुमालात गुंडाळून सावलीत ठेवायचा, मग पुन्हा काढायचा.

दहाच्या सुमारास बांधावरच्या बाभळीवर नेहमीचा सरडा दिसला, गळा आणि डोकं लालभडक. रक्त प्यायलाय म्हणून लाल झालाय, असं आम्हाला लहानपणी सांगायचे. तोही लग्नाचाच रंग. फांदीवर जोर काढत होता, अगदी तालमीतल्यासारखे. मामा म्हणाले, "याचं रोजचंच हाय." त्यानंतर लांबून एक घोरपड ओढ्याच्या कपारीत शिरताना दिसली. फोटो आला नाही. आला असता तरी दाखवला नसता, त्याचं कारण आता येतंच आहे.

त्याआधी एक गोष्ट, जी मी केली नाही आणि तुम्हीही करू नका. परदेशातले व्हिडिओ बघून आपल्याकडचे बरेच जण दगड उलटे करत सुटतात. आमच्या माळावरच्या दगडाखाली दिवसा कोण झोपलेलं असतं? फुरसं. वीत-दीड वीत लांबीचा, मातकट रंगाचा साप. डिवचला तर अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करतो, आणि झेप अशी की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मोठे विषारी, त्यातलं सगळ्यात सहज नजरेतून सुटणारं हेच. दुसरा भाडेकरू लाल विंचू. त्याच्या दंशाने माणसं दगावायची, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून ते चित्र पालटलं. हे डॉक्टर मूळचे आपल्या मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातले. सांगितलंच पाहिजे ना! शिवाय त्या दगडाखाली जी थोडी ओल साठलेली असते, ती एप्रिलमध्ये कुणाचं तरी घर असते. दगड उचललात की ते घर दहा मिनिटांत वाळून जातं.

साप चावलाच तर काय? चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. १०८ ला फोन, आणि थेट सरकारी दवाखाना. या चारही सापांच्या विषावर मिळून एकच औषध आहे आणि ते तिथे मिळतं. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

साडेअकराला आम्ही आखाड्यावर परतलो. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी: आखाडा म्हणजे शेतातलं खोपटं, कुस्तीचा नव्हे. लिंबाच्या सावलीत बाज टाकलेली, रांजणातलं पाणी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. आणि आता ती चूक.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना. याच शेताच्या बांधावर मला मांडूळ दिसलं. जाड, तांबूस, संथ, शेपटीचं टोक तोंडासारखंच बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. मी आनंदाने वेडा झालो. आकार कळावा म्हणून शेजारी मामांची चप्पल ठेवली, फोटो काढला आणि तिथल्या तिथे स्टोरी टाकली. वर लोकेशन टाकलं. मागे पाण्याची टाकी आली होती आणि त्या टाकीवर ठळक अक्षरात गावाचं नाव. माझ्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी एका अनोळखी अकाउंटवरून मेसेज आला. ‘मस्त’ नाही, ‘कुठला साप’ नाही. एकच प्रश्न: ‘वजन किती?’

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी उत्तर दिलं, असेल किलो-दीड किलो.

चौथ्या दिवशी दोघं जण मोटरसायकलवर आखाड्यावर आले. आम्ही सर्पमित्र आहोत म्हणाले, इथे साप निघालाय ना, पकडून जंगलात सोडतो. मामांनी ओळखपत्र मागितलं, तर ते गाडीत राहिलं होतं. मामांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. पुढच्या आठवड्यात एका सकाळी बांध दोन ठिकाणी खणलेला सापडला, कमरेइतका खोल. त्यानंतर ते मांडूळ कुणाला दिसलं नाही. मामा मला वर्षभर काहीच बोलले नाहीत. आईकडून कळलं.

वजन का विचारलं होतं, ते मला नंतर समजलं. मांडूळ घरात ठेवलं की पैसा येतो, गुप्तधन सापडतं, त्यावर काळी विद्या चालते, असल्या समजुतींवर एक अख्खा चोरटा बाजार उभा आहे. त्यात भाव ठरतो वजनावर. जितकं जड तितके जास्त लाख. लाखांच्या, कोटींच्या गोष्टी सांगून लोकांना गंडवतात, आणि मांडूळ विकायला आलेले पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात कुठून ना कुठून येतच असतात. शेपटीला तोंडासारखं दाखवण्यासाठी तिच्यावर जखमाही करतात. त्या जीवाची खरी गोष्ट एवढीच, की तो बिनविषारी आहे, भुसभुशीत मातीत राहतो, अंडी न घालता थेट पिल्लं देतो आणि उंदीर खातो. ज्या शेतात मांडूळ आहे त्या शेतकऱ्याला त्याच्यापासून मिळणारं धन म्हणजे वाचलेलं धान्य.

घोरपडीचं दुखणं याहून जुनं. मांस, तेल, कातडी. शिवाय बाजारात ‘हाथाजोडी’ नावाची एक वस्तू मिळते, दुर्मीळ झाडाची मुळी आहे, तिजोरीत ठेवा म्हणून सांगतात. ती मुळी नसते. नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. हे ऐकून कुणाच्या देव्हाऱ्यातून काही बाहेर निघालं तर बरंच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड आहे. मांडुळालाही कायद्याचं संरक्षण आहे. ते पकडणं, पाळणं, विकणं, तिन्ही गुन्हे.

आता फोनचं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांश लिहिले जातात. ते दिसत नाहीत, पण काढता येतात. व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला तर ही माहिती गळून पडते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, आपण क्वालिटीसाठी पाठवतो ना तसा, तर सगळी माहिती जशीच्या तशी जाते. म्हणून माळावर जायच्या आधीच बंद. पण माझ्या चुकीत मशीनपेक्षा डोळ्यांचा दोष मोठा होता. टाकी, टॉवर, देवळाचा कळस, डोंगराची ओळखीची कड, मैलाचा दगड, हे सगळं फोटोतून कापा. फोटो लगेच टाकू नका, पंधरा दिवसांनी टाका. लाइक तेवढेच येतात. नोंद करायची हौस असेल, आणि ती असावी, तर आयनॅचरलिस्टवर करा. तिथं जागा ‘धूसर’ करायची सोय आहे. मग नकाशावर नेमक्या ठिकाणाऐवजी वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो. अभ्यासाला तेवढं पुरतं, चोराला पुरत नाही. आणि कुणी ‘वजन किती’ असं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. स्क्रीनशॉट काढायचा आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा.

हे सगळं त्या बाजेवर बसून मी मामांना समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्या हे एका वाक्यात सांगितलं होतं." खरंच सांगितलं होतं.

चार वाजता आम्ही बेडकांच्या मागे निघालो. इथे मी जागेचं नाव खुशाल सांगतो: सेलू तालुक्यातलं वालूर. तिथली चक्राकार बारव तुम्ही बघितली नसेल तर जरूर बघा. पायऱ्या गोल गोल फिरत खाली उतरत जातात, शंखासारख्या. गाळाने भरलेली होती, गावकऱ्यांनीच काही वर्षांपूर्वी उपसून मोकळी केली.

बेडकाची अडचण सरड्याच्या उलटी आहे. सरड्याच्या अंगावर खवले, आतलं पाणी आतच राहतं. बेडकाची कातडी पातळ, ओली. तो तिच्यातून श्वासही घेतो आणि पाणीही शोषतो. तोंडाने पाणी पितच नाही म्हणा ना. पण ज्या कातडीतून पाणी आत येतं त्याच कातडीतून ते बाहेरही जातं. एप्रिलच्या दुपारी उघड्या माळावर बेडूक तासाभरात पापड होईल. म्हणून आपल्याकडचे बहुतेक बेडूक या दिवसांत जमिनीखाली असतात. मागच्या पायांच्या टाचेला फावड्यासारखा कठीण उंचवटा असलेले काही बेडूक उलटे उलटे मातीत शिरतात आणि महिनोन्‌महिने तिथेच पडून राहतात. हृदय सावकाश, खाणं नाही, काही नाही. तुम्ही ज्या वावरातून चालता त्याच्या हातभर खाली ते मृगाची वाट बघत असतात.

उरतात ते, ज्यांच्याकडे बारमाही पाणी आहे. बारवेच्या तळाला पाणी होतं आणि त्यावर डोळ्यांच्या जोड्या तरंगत होत्या. वीस-बावीस तरी. पाण्यावर पळणारे छोटे बेडूक. धोका वाटला की बुडण्याऐवजी पृष्ठभागावरून टपाटपा उड्या मारत जातात, आपण तळ्यात खापरी फेकतो तसे. एक दिवड पायरीच्या कडेने सावकाश पोहत त्यांच्याकडे निघाली होती. बिनविषारी, पण चावरी. अल्पज्ञानी माणसाला आपण ‘कूपमंडूक’ म्हणतो ना, विहिरीतला बेडूक? एप्रिलमधल्या परभणीत विहीर सोडून न जाणारा बेडूक हा सगळ्यात शहाणा प्राणी आहे, माझं ठाम मत झालंय.

तिथं फोटो मात्र साधेच आले. पाण्यात आभाळाचा प्रकाश आणि बाकी काळोख. बेडकांना हात लावला नाही. तुम्हीही लावू नका. हाताला सनस्क्रीन किंवा डासांचं मलम असेल तर ते त्या कातडीतून थेट आत जातं.

दिवसातला बेडकाचा सगळ्यात चांगला फोटो मिळाला तो रात्री, मामांच्या न्हाणीत. हात धुवायला गेलो तर रांजणामागच्या भिंतीला एक झाडबेडूक चिकटलेला. हात-पाय अंगाखाली घट्ट दुमडून, डोळे मिटून, शेणाच्या गोळ्यासारखा. पाणी उडू नये म्हणून तो असा आवळून बसतो. बोटांना टिकलीसारख्या चकत्या, त्यांनी भिंत धरलेली. मामी म्हणाल्या, "तो व्हय? उन्हाळाभर इथंच असतोय. आम्ही त्याच्यावर पाणी सांडत नाही, तोच सरकून ओल्यात येतोय." आम्ही दोन तालुके फिरून आलो होतो.

रात्री अंगणात बाज, वर मच्छरदाणी, तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या. ही चैन नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि बऱ्याचदा तो दंश दुखतही नाही. उन्हाळ्यात गावी जाऊन खाली सतरंजीवर पडणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मामा मला शेताच्या पलीकडच्या अंगाला घेऊन गेले. बैलगाडीच्या वाटेवर मऊ धूळ होती, आणि त्या धुळीत एक रुंद, सरळ, दोरखंड ओढल्यासारखी खूण. ताजी. वाट ओलांडून गवतात गेलेली. मी मामांकडे बघितलं. ते पलीकडे बघत होते. मग त्यांनी पायातल्या चपलेने ती खूण पुसून टाकली आणि म्हणाले, "चल, गाडी चुकंल तुझी."

आता तो राहिलेला तुकडा. मला या भागात बेडकांचा आवाज हवा होता आणि एप्रिलमध्ये तो मिळणं शक्यच नव्हतं. मामांना सांगून ठेवलं होतं, पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री फोन बाहेर धरा. गेल्या आठवड्यात रात्री अकरा वाजता व्हॉट्सअॅपवर त्यांचा आवाज आला. पावसाने साठलेल्या डबक्यात मोठे बेडूक, हळदीसारखे पिवळेधमक झालेले नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे काढून ओरडतायत. ते सगळे मी माळावर फिरत होतो तेव्हा माझ्या पायाखालीच होते.

हेडफोन असतील तर लावा. चाळीस सेकंद आहे. शेवटी मामांचा आवाज येतो.

[बेडकांचा आवाज]

"ऐकू यायलंय का? दोन तासापासून चालूय ह्यांचं. कुठलंय ते इचारू नको."